बारावी मेंढी

पोस्टमन बांधावर आला तेव्हा म्हस्कू गुडघाभर चिखलात उभा होता. कालव्याच्या फाट्याला पाणी आठ दिवस उशिरा सुटलेलं, त्यात ह्याची पाण्याची पाळी दुपारी दोनपर्यंतच. उसाच्या सऱ्या तापून भेगाळल्या होत्या. एका सरीचं दारं मोडून दुसरीचं धरायचं, तेवढ्यात तिसरीचं फुटायचं. अशा टायमाला देव जरी बांधावर आला असता तरी म्हस्कूनं त्याला थांब म्हणलं असतं.

"म्हस्कूआबा, रजिस्टर हाय. सही लागंल."

"ठिव तितं दगडाखाली."

"रजिस्टर दगडाखाली ठिवत न्हाईत आबा. मला कामाला लावाल."

मग म्हस्कू वर आला. धोतराला हात पुसले, तरी कागदावर चिखलाचं बोट उमटलंच. पाकीट लांबट, पांढरंशुभ्र, वरचं नाव टंकलेलं. आत सगळं इंग्रजी. पोस्टमनला त्यातलं पुण्याच्या एका कॅसेट कंपनीचं नाव कळलं, 'नोटीस' कळलं आन एक आकडा कळला. पन्नासवर तीन शून्यं.

"आबा, हे बक्षीस तर नसावं," पोस्टमन हळूच म्हणाला आन सायकल घेऊन गेला.

तोवर खालचं दारं फुटून पाणी शेजारच्या रानात शिरलं होतं. पाकीट टोपीत खोचून तो फावडं घेऊन पळाला.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या चैतातली. कळंबच्या शिवारात म्हस्कूची दोन एकर जमीन. बाप-आज्यानं मेंढरं राखली, ह्यानंही निम्मं आयुष्य राखली. पुढं फाट्याचं पाणी आलं, चराईची रानं उसाखाली गेली, तेव्हा तेरा वर्षांमागं मेंढरांचा खांडवा मोडला आन सगळी लासुर्ण्याच्या बाजारात विकली. मेंढरं गेली तरी गळा राहिला. बिरोबाच्या जत्रंत ढोलापुढं उभं राहून ववी म्हणावी ती म्हस्कूनंच. आवाज असा, की लांबच्या रानातला माणूस खुरपं थांबवून ऐकायचा.

त्यातली एक ववी सगळ्यांच्या तोंडात बसलेली. विकलेल्या मेंढरांची नावं एकेक करून घ्यायची. चांदी, मोरी, लांबकानी, तांबडी, बांडी, अशा अकरा. आन मग ढोल मंद व्हायचा, म्हस्कू डोळे मिटायचा आन बारावं नाव यायचं:

'मागं राहिली सारजा, तिचं पाऊल ल्हान,
हाक द्यावी तिला तर घुमतं सारं रान.'

दोन वर्षांमागं पुण्याच्या कंपनीचा माणूस जत्रंत आला, त्यानं ही ववी ऐकली आन म्हस्कूला पुण्याला नेऊन कॅसेट काढली. झालं! वर्षाच्या आत यष्टी स्टँडवर, रसवंतीवर, उसाच्या ट्रॅक्टरवर तीच ववी. वरातीत बँडवाले ती वाजवायचे आन 'मागं राहिली' म्हटलं की पोरं शिट्ट्या मारून 'सारजाऽऽ' वरडायची. म्हस्कूचा ल्येक मल्हार गावोगावची शिटं भरून वडापची जीप चालवायचा. तो तर त्या नावाला हॉर्नच द्यायचा. बापाची कॅसेट हाय, पोराला कौतुक असणारच.

मल्हारला एक ठावं नव्हतं. गावातही ते नाव कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं. सारजा मेंढी नव्हती. सारजा म्हंजी मल्हारच्या आधी झालेली, चार वर्षांची होऊन गेलेली त्याची बहीण. तेवीस वर्षांमागं कोकणातनं खांडवा माघारी येताना वळवानं गाठलं, पोरगी तापानं फणफणली आन भोरच्या अलीकडं एका बाभळीखाली तिला ठिवून, वर दगड रचून, म्हस्कू आन त्याची बायको साखरबाई मेंढरांमागं पुढं चालली. मेंढरं थांबत नसतात, माणसाला त्यांच्या मागं जावंच लागतं. म्हस्कूनं ते नाव परत घरात काढलं नाही. साखरबाईनंही नाही. मेंढरं विकून लासुर्ण्यासनं मोकळ्या हातानं येताना मात्र ती वाटंनं एकेकीचं नाव घेत चालली. घर येईतोवर ववी झाली आन शेवटी ते नावही आलं.

ववी साखरबाईची. म्हस्कूची नव्हती.

दुसऱ्या दिवशी यष्टीनं म्हस्कू बारामतीला गेला. लासुर्ण्याच्या बागायतदाराचा ल्येक संभाजीराव तिथं वकिली करायचा. ह्याच्या बापाच्या रानात म्हस्कूनं मेंढरं बसवलेली, तेवढी वळख. वकिलानं नोटीस दोनदा वाचली आन चष्मा काढला.

"आबा, मागच्या जत्रेत कुणी तुमचं गाणं टेप केलं होतं?"

"केलं असंल. जो तो टेप घिऊनच येतोय."

"एका दुकानदारानं त्याच्या कॅसेटी भरून विकल्या. कंपनी म्हणतीय, गाणं आमचं, तुम्ही परवानगीशिवाय गायलात. नुकसान पन्नास हजार. पंधरा दिवसांत उत्तर द्या, आन इथून पुढं जाहीर कार्यक्रमात गाऊ नका."

म्हस्कूला हसावं का रडावं कळंना. "मी गायलो म्हून माझ्यावर? आवं, कॅसेटीतबी मीच हाय की!"

"आवाज तुमचा. पण सही केलीत ना?"

"केली. तीन हजार दिलं, एक शाल दिली, जेवाय घातलं. न्हाय कसं म्हणायचं?"

वकिलानं टेबलावर कॅसेटचं कव्हर ठेवलं आन बोटानं दाखवलं. गायक: म्हस्कू धनगर. गीत: पारंपरिक.

"हे कुणी सांगितलं त्यांना?"

म्हस्कूनं कव्हर हातात घेतलं. त्याला पुण्यात कॅसेट काढली ती काचंची खोली आठवली. कानाला यंत्र लावलेल्या माणसानं विचारलं होतं, ववी कुणी रचली? आन धनगराच्या पोरानं अशा वक्ताला जे म्हणायचं तेच तो म्हणाला होता. ववी म्हणण्याआधी गाणारा भंडारा हातात घेतो आन म्हणतो, 'जे म्हणंन ते तुजं, चुकलं तर माजं.' ववी माझी म्हणायची चालच नाही. म्हणलं तर देवाचा घास खाल्ल्यासारखं. "द्येवानं दिली, आमी नुसती तोंडं," असं तो म्हणाला आन त्या माणसानं मान हलवून एक शब्द लिहून घेतला. काचंच्या बाहेर साखरबाई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. नुसतं बोट केलं असतं तरी चाललं असतं.

"पारंपरिक म्हंजी काय वं, वकीलसाहेब?"

"म्हणजे कुणाचंच नाही. जे कुणाचं नाही त्याला जो पहिला टेपमध्ये भरतो तो मालक होऊन बसतो. शब्द ज्याचे, हक्क त्याचा, असा कायदा आहे आबा. पण ते शब्द कुणाचे, हे कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगायला लागतं."

"माज्या मालकिणीची हाय ववी," म्हस्कू हळूच म्हणाला. चोरी कबूल केल्यासारखा आवाज निघाला त्याचा.

वकिलाचे डोळे चमकले. मग त्यानं मेंढरांची नावं विचारली. कुठली कुणाला विकली, सगळं कारकुनाकडनं टंकून घेतलं. "हाच पुरावा आबा. जुन्या ववीत तुमच्या घरच्या मेंढ्यांची नावं कशी येतील? चांदी कुणाला? मोरी कुणाला?" म्हस्कू सांगत गेला. मोरी बिरदेव तात्यांनी घेतली. लांबकानी जंक्शनच्या खाटकानं. अकरा झाल्या.

"बारावी? सारजा?"

म्हस्कूनं वर खडखडणाऱ्या पंख्याकडं बघितलं.

"ती... मेली."

"मयत," वकील कारकुनाला म्हणाला आन टाइपरायटर वाजला.

निघताना त्यानं बजावलं, "पोस्टातच नऊ दिवस गेलेत, मंगळवारी मुदत संपतीय. साखरमावशींचा अंगठा पाहिजे आन साक्षीदार म्हणून जाणत्या गाणाऱ्याची सही. बिरदेव तात्यांची मिळाली तर उत्तमच, बिरोबाच्या देवळाचे पुजारी आहेत ते. त्या दोन गोष्टी होईपर्यंत जत्रेत ती ववी म्हणू नका. म्हटलीत तर मी काही करू शकणार नाही."

जत्रा सोमवारी. म्हस्कूनं बोटं मोजली. चार दिवस.

स्टँडवर कॅसेटवाल्याच्या टपरीत तीच ववी लागली होती. त्याचाच आवाज, त्यालाच ओलांडून जाता येईना. बाराव्या नावाला तो कानावर उपरणं दाबून यष्टीत चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरबाई कांद्यात खुरपत होती. मल्हारनं जीप बांधाला लावली आन आईला बातमी सांगायची म्हणून कागद हातात घेऊन आला. म्हस्कू नको म्हणायच्या आत त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवातही केली.

"आये, तुजं नाव लिवलंय सरकारी कागदावर! ऐक. 'सदर ओवी मी स्वतः रचलेली असून त्यातील नावे आमच्या मालकीच्या मेंढ्यांची आहेत. एक, चांदी. दोन, मोरी...'"

साखरबाईचं खुरपं चालू होतं. डोक्यावरचा पदर घामानं कपाळाला चिकटलेला. तिला हसूही आलं होतं थोडं. तेरा वर्षांनी का होईना, नाव तिचं घेतलं होतं नवऱ्यानं.

"'...बारा, सारजा. मेंढी. मयत.'"

खुरपं थांबलं.

"काय लिवलंय?"

"सारजा. मेंढी. मयत."

साखरबाई उठली नाही. तिनं खुरपं मातीत रोवलं आन म्हस्कूकडं बघितलं. तिच्या त्या बघण्यापुढं म्हस्कूला कोर्ट परवडलं असतं.

"तुमी सांगितलं असं?"

"त्यांनी लिवलं गं. मी मेली म्हणलं निस्तं. काय सांगू तितं, परक्यापुढं?"

"मेली म्हणलासा. मेंढी न्हाय, म्हणाया काय झालं हुतं?"

"साखरे, निस्ता कागद हाय त्यो. अंगठा दी. जीप जाईल पोराची, रान जाईल..."

"जाऊ द्या. ह्या कागदावर मी अंगठा ठिवायची न्हाय."

मल्हार दोघांकडं बघत राहिला. "आये, सारजा कोण?"

साखरबाई परत खाली वाकली आन गवताऐवजी कांद्याचीच पात उपटून टाकत सुटली. म्हस्कूनं पोराला बाजूला नेलं आन बाभळीपासनं दगडांपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना त्याला आठवलं, त्या दिवशी साखरबाईनं पोरीचं कुंची-टोपडं दगडाखाली सरकवलं होतं आन दहा पावलं गेल्यावर माघारी येऊन परत काढून घेतलं होतं. मल्हार ऐकत ऐकत जीपजवळ गेला, टेपमधली कॅसेट काढली आन ती कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून उभा राहिला. "मी हॉर्न दितो, आबा," तो म्हणाला. "त्या नावाला मी हॉर्न दितो."

आता बिरदेव तात्या. म्हातारा सत्तरीचा, अंगानं काटकुळा, पण शब्दाचा वजनदार. शनिवारी उन्हं वर आल्यावर म्हस्कू त्याच्या अंगणात गेला. तात्या मेंढरं कातरत बसला होता. दोन पायांत मेंढी धरलेली, कातर चालली होती कचाकच, लोकर कांबळ्यावर पडत होती.

म्हस्कूनं सगळं सांगितलं. तात्यानं कातर थांबवली नाही.

"म्हंजी ववी साखराची?"

"व्हय तात्या."

"द्येवाची न्हाय?"

म्हस्कू कांबळ्यावरची लोकर चिवडत राहिला.

"तेरा वर्षं भंडारा उचलून म्हणलास, जे म्हणंन ते तुजं. आता कागदावर लिवून दितोस, माजं. भंडारा खोटा का कागद खोटा, त्येवढं सांग मला."

अंगणात बसलेली चार माणसं हसली. एकजण म्हणाला, "म्हस्कूला आता कॅसेटीचं पैसं खुणावाया लागल्यात."

"पैशाचं न्हाय रं बाबा. नोटीस आलीया मला!"

"नोटीस आली म्हून द्येव बदलायचा व्हय?" तात्या म्हणाला. "माझी सही पायजे, तर जत्रंत ये. भंडारा हातात घी. समद्या पंचक्रोशीपुढं जे खरं हाय ते बोल. मग बघू."

हजार-दोन हजार माणसांत उभं राहून, तेरा वर्षं मी देवापुढं चुकीचं बोललो म्हणायचं, तेही बायकोच्या नावानं! आन एवढं करून ती अंगठा देणार नाहीच. तात्यानं कातरलेली मेंढी सोडून दिली. अंग हलकं झालेली ती उड्या मारत गेली. कान काळे, कपाळावर पांढरा टिळा. म्हस्कूनं वळखलं. मोरीच्याच वंशाची होती.

रविवार त्यानं नुसता काढला. उसाला खत टाकलं तर एक सरी दोनदा टाकली आन एक कोरडीच ठेवली. साखरबाई त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. भाकरी वाढली, पाणी दिलं. एकदाच म्हणाली, "गळा जपा. उंद्या म्हणायचं हाय."

"म्हणू कसा? म्हणायचं न्हाय म्हणून सांगितलंय वकिलांनी."

उतरंडीच्या तळाच्या गाडग्यातनं तिनं काहीतरी काढलं आन कनवटीला खोचलं. म्हस्कूनं बघितलं, पण इचारायची छाती झाली नाही.

सोमवारी दुपारी बिरोबाच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली. तीस ढोल घुमत होते, गजी नाचणाऱ्यांचे रुमाल उडत होते, उन्हानं जमीन अशी तापली होती की अनवाणी बायका एका पायावरनं दुसऱ्यावर होत होत्या. भेळंच्या गाड्यांपलीकडं कॅसेटवालाही होताच. म्हस्कू पुढं आला तशी पोरं वरडली, "आबा, सारजा! सारजा हू द्या!"

ढोल थांबले. बिरदेव तात्यानं ताट पुढं केलं. म्हस्कूनं मूठ भरली. निम्मा भंडारा बोटांतनं गळाला.

"जे म्हणंन ते तुजं," तो म्हणाला. त्यानं घसा खाकरला. "चुकलं तर माजं, असं म्हणतो आपुन. तर बाबांनो, चुकलंय. माजं चुकलंय. मेंढरांची ववी मला द्येवानं न्हाय दिली. माज्या साखरानं दिली. द्येवानं तिला दिली आसंल तर ते तिचं तिला ठावं. मी पुण्यात नाव लपिवलं. हितंबी लपिवलं, तेरा वर्षं. तुमी वा वा केलं, मी घितलं."

गर्दीत कुजबूज उठली. कुणीतरी फिदकन हसलं. म्हस्कूला पळून जावं असं वाटत होतं, पण मुठीत भंडारा होता.

"साखराची कशावरनं?" तात्या मोठ्यानं म्हणाला. "नावं सांग."

"चांदी."

"आमच्या बापानं घितली हुती," मागनं एकजण वरडला. "डावं शिंग मोडल्यालं हुतं तिचं!"

"मोरी."

"माज्या दारात हाय तिची पैदास," तात्या म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

मग तर एकेका नावाला माळावरनं एकेक आवाज यायला लागला. तांबडी आमच्या मामानं नेली. बांडी पान्यात पडून मेली. ज्यांनी बाजारात पाठ दाबून, दात बघून मेंढरं घेतली होती, ती माणसं आता म्हातारी होऊन साक्ष देत होती. अकरा झाल्या.

"सारजा?" तात्यानं विचारलं.

जो तो दुसऱ्याकडं बघत होता. कुणीच घेतली नव्हती.

बायकांच्या घोळक्यातनं साखरबाई उठली. पदर डोक्यावरनं नीट केला, ताटापुढं आली. कनवटीचं सोडून तिनं तळहातावर धरलं. विटलेलं, घड्यांवर फाटलेलं तांबडं टोपडं.

"ती मेंढी न्हवं, तात्या. माजी ल्येक हुती. भोरच्या वाटंला राहिली. कागदावर मेंढी लिवलंय, म्हून मी अंगठा देत न्हवते. आज द्येवापुढं सांगते. ववी माजी हाय. कारण ती माजी हुती."

एवढंच बोलली. रडली नाही. तात्यानं ताट खाली ठेवलं. भंडारा घेऊन आधी टोपड्याला लावला, मग तिच्या कपाळाला. "तुज्या पोटातनं आलं ते द्येवाचंच, बाई," तो पुटपुटला. "पर नाव तुजंच लागाया पायजे. आन रं मल्हार, कागद आन."

मल्हारनं कागद ढोलाच्या कातड्यावर पसरला. खिशातलं पेन काढून 'मेंढी'वर रेघ मारली आन वर 'लेक' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"खाडाखोड चालती का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय चालली तर उंद्या दुसरा टंकून आनीन," तो म्हणाला. "पर मेंढी ऱ्हाऊ द्यायची न्हाय."

साखरबाईनं अंगठा दिला. तात्यानं चार अक्षरं कोरून कोरून सही केली. पुण्यातली कंपनी त्या कागदाला भीक घालंल का नाही, कुणाला ठावं. पन्नास हजारांचा घोर काही मिटला नव्हता. तरी कागद बंडीच्या खिशात गेल्यावर तात्या म्हणाला, "आता म्हण."

ढोल घुमले. म्हस्कूनं कानावर हात ठेवला आन चांदीपासनं सुरुवात केली. माळ त्याच्याबरोबर म्हणत होता, एकेक नाव उचलून धरत होता. अकरावं झालं. ढोल मंद झाले. 'मागं राहिली' म्हणून म्हस्कू थांबला, त्याच्यानं पुढं होईना.

दरवर्षी ह्या जागी माळ फुटायचा. शिट्ट्या व्हायच्या, टोप्या उडायच्या. आज दोन हजार माणसं होती आन एकानंही तोंड उघडलं नाही. लहान पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले होते. कॅसेटवाल्यानंही आपली टेप बंद केली होती.

मग साखरबाईनंच ते नाव घेतलं. गाण्यातल्यासारखं नाही. दिवस कलल्यावर रानातनं पोरीला घरी बोलवावं, तसं.

"सारजाऽऽ"